कोंबडीच्या खाद्यातले औषध



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपली सगळी नोकरी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काढली. औषधाची बाटली देण्याआधी ते गोठा बघायला जात. आजचा विषय त्यांच्या या सवयीच्या फार जवळचा आहे. त्यांना अभिवादन करून मी सुरुवात करतो.

कुक्कुटपालनात प्रतिजैविकांऐवजी नैसर्गिक खाद्यपूरके वापरता येतील का, असा प्रश्न संयोजकांनी माझ्यापुढे ठेवला. माझे उत्तर ‘हो’ असे आहे. पण त्याला एक अट आहे, आणि आजचे माझे बोलणे मुख्यतः त्या अटीविषयी आहे.

आधी एक फरक स्पष्ट करतो. कोंबड्या आजारी पडल्या, डॉक्टरांनी निदान केले, ठरावीक दिवस औषध दिले, तर तो उपचार झाला. आजारी प्राण्यावर उपचार न करणे क्रूरपणाचे आहे आणि मी त्याच्या विरुद्ध आहे. मी बोलणार आहे ते निरोगी पिल्लांच्या खाद्यात रोज थोडे थोडे मिसळल्या जाणाऱ्या औषधाबद्दल. वजन लवकर यावे आणि मरतूक कमी राहावी, म्हणून ते घातले जाते.

ही पद्धत आली कुठून? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक औषध तयार झाले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. १९४८ साली तिथलेच बेंजामिन डगर यांनी हे औषध जगापुढे आणले आणि त्याच वर्षी सुब्बाराव वारले. त्याच संस्थेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबड्यांसाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. औषध काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घातला. पिल्ले वाढली, पण जीवनसत्त्वाच्या हिशेबाने वाढायला हवी होती त्यापेक्षा जास्त वाढली. चोथ्यात राहून गेलेल्या औषधाच्या अंशाचा तो परिणाम होता. १९५१ साली अमेरिकेने खाद्यात प्रतिजैविके मिसळायला परवानगी दिली आणि काही वर्षांत ही रीत जगभर पसरली. थोड्या मात्रेत औषध दिले तर जंतू त्याला सरावतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिला होता. खाद्यात औषध घालण्याची रीत सुरू झाली ती हा इशारा माहीत असताना.

आता मला जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतो. या औषधाने पिल्लू वाढते कसे? औषधात काही पोषण नसते. पूर्णपणे जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना तेच औषध दिले, तर वाढीत फरक पडत नाही, हे शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवले. नव्या, स्वच्छ जागेत वाढवलेल्या पिल्लांमध्ये फरक थोडा पडतो. एकामागून एक लॉट काढलेल्या जुन्या शेडमध्ये मात्र तो ठळक दिसतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पिल्लाच्या आतड्यावर जंतूंचा मारा सतत चालू असतो. त्याच्याशी लढण्यात, सुजलेले अस्तर पुन्हा उभे करण्यात खाल्लेल्या दाण्यांपैकी काही वाटा खर्ची पडतो. औषध हा मारा कमी करते, सूज उतरवते, आणि वाचलेले दाणे मांसात जातात. ‘वाढीचे औषध’ ज्याला आपण म्हणतो, ते शेडमधल्या घाणीचा खर्च भरून काढत असते. घाण तशीच राहते, कारण ती साफ करायची गरज कोणाला जाणवत नाही.

हा खर्च पुढे कोण भरतो? १९७६ साली स्टुअर्ट लेव्ही या संशोधकाने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका शेतावर अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. काही पिल्लांच्या खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन मिसळले, काहींना साधे खाद्य दिले. आठवड्याभरात औषध खाणाऱ्या पिल्लांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे ई-कोलाय जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पुढच्या काही महिन्यांत तेच जंतू, खाद्यात कधी घातलीच नव्हती अशा इतर औषधांनाही पुरून उरू लागले. आणि ५-६ महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेत असे जंतू शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त सापडले. त्या घरातल्या कोणी औषध खाल्ले नव्हते. ते फक्त कोंबड्यांची देखभाल करत होते. याच अभ्यासाचा शेवट मला धीर देणारा वाटतो. औषधी खाद्य बंद करून ६ महिने झाल्यावर तपासलेल्या १० जणांपैकी ८ जणांच्या नमुन्यांत ते जंतू सापडले नाहीत.

शहरात राहून आठवड्यातून एकदा चिकन खाणाऱ्या माणसाला हे सगळे दूरचे वाटते. त्याच्यासाठी कोलिस्टिनची गोष्ट सांगतो. हे जुने औषध. मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून माणसांसाठी ते बाजूला पडले होते. पुढे अतिदक्षता विभागात असे जंतू येऊ लागले की बाकी कुठलेच औषध चालेना, तेव्हा डॉक्टरांनी नाइलाजाने ते परत काढले. आज अनेक रुग्णांच्या बाबतीत ते शेवटच्या काही उपायांपैकी एक आहे. दरम्यान हेच औषध जगभर डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात पडत होते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चिनी संशोधकांनी जाहीर केले की कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे जनुक त्यांना डुकरांमध्ये, कच्च्या मांसात आणि रुग्णांमध्येही सापडले आहे. हे जनुक एका जंतूकडून शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूकडे सहज जाते. चीनने २०१७ साली वाढीसाठी कोलिस्टिन वापरणे थांबवले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी त्याचे उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केले. चीनमध्ये बंदीनंतर कोंबड्या-डुकरांमधले असे जंतू कमी झाले, आणि रुग्णालयातल्या माणसांमध्येही त्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. खाद्यातले औषध थांबवले की रुग्णालयापर्यंत फरक पडतो, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडे २०१४ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्ली परिसरातून कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले. ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले. तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली, पण ती सगळी मांसातल्या अंशाभोवती फिरली. अंश मर्यादेत असला म्हणजे काळजी नाही, असे लोकांना वाटले. कत्तलीआधी काही दिवस औषध बंद केले की मांसातला अंश उतरतो. आतड्यातले सरावलेले जंतू मात्र तसेच राहतात. ते मांस सोलणाऱ्याच्या हाताला लागतात आणि कोंबडखतातून रानात जातात. आपल्या भाजीपाल्याच्या आणि उसाच्या पट्ट्यात ट्रॉल्या भरभरून कोंबडखत पडते. ते नीट कुजवल्याशिवाय शेतात टाकू नका, ही माझी इथल्या बागायतदारांना विनंती.

नियमाचीही एक बाजू सांगतो. २०१२ पासून आपल्याकडे नियम आहे की जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर कत्तलीआधी किती दिवस औषध थांबवायचे ते लिहिले पाहिजे. ते ठरलेले नसेल, तर मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत. आपला ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत गाडीत चढतो. त्यातून २८ दिवस वजा करून बघा, हातात किती उरतात. कागदावर नियम चांगला आहे. पण खाद्याचे पोते शेडमध्ये येते तेव्हा त्यात काय मिसळले आहे हेच शेतकऱ्याला ठाऊक नसेल, तर तो दिवस मोजणार तरी कुठून?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. औषधाच्या जागी काय?

इथे मला फिनलंडचे काम सर्वांत आवडते. १९७१ साली तिथल्या ब्रॉयलरमध्ये साल्मोनेलाची मोठी साथ आली. नुर्मी आणि रान्ताला या दोघा संशोधकांनी एक साधी गोष्ट ओळखली. खुडूक कोंबडीखाली फुटलेले पिल्लू आईच्या विष्ठेतून, तिच्या पंखाखालच्या धुळीतून पहिल्याच दिवशी चांगले जंतू घेते. हॅचरीत यंत्रात फुटलेल्या पिल्लाला आई भेटतच नाही. त्याचे आतडे रिकामे असते, आणि रिकाम्या जागेत पहिला येणारा बसतो. म्हणून त्यांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले द्रव्य अगदी थोड्या प्रमाणात नव्या पिल्लांना दिले. साल्मोनेलाला त्यांच्यात बस्तान मांडता आले नाही. १९७३ साली हे ‘नेचर’मध्ये आले. आज प्रोबायोटिक म्हणून मिळणाऱ्या पुड्यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. म्हणूनच ते पहिल्या दिवसापासून, जमल्यास हॅचरीतच दिले पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात हगवण लागल्यावर पाण्यात टाकले, तर तोवर जागा भरलेली असते. आणखी एक गोष्ट. खाद्याच्या गोळ्या बनवताना वाफेने तापमान ८० अंशांच्या आसपास जाते. लॅक्टोबॅसिलससारखे नाजूक जंतू त्यात मरतात, तर बॅसिलस जातीचे जंतू बीजाणूच्या रूपात टिकतात. दुकानदाराला विचारा, पुडीत कोणता जंतू आहे आणि तो कशातून द्यायचा आहे. सांगता आले नाही, तर पुडी घेऊ नका.

यीस्टच्या पेशीभित्तीपासून मिळणारे मॅनन हे पूरक वेगळ्या रीतीने चालते. ई-कोलाय आणि साल्मोनेला आतड्याच्या अस्तरावरच्या मॅनोज या साखरेला चिकटतात. खाद्यातच ती साखर मिळाली की ते तिलाच चिकटतात आणि विष्ठेतून बाहेर जातात. सेंद्रिय आम्लांचे काम तर मला फारच भरवशाचे वाटते. फॉर्मिक आणि प्रोपिओनिक आम्ल खाद्यातली बुरशी आणि साल्मोनेला रोखतात. ब्युटिरिक आम्ल हे आतड्याच्या पेशींचे स्वतःचे इंधन आहे. ते वेष्टणात बंद करून द्यावे लागते, नाहीतर वरच्याच भागात संपून जाते. मका आणि सोयापेंडीतला जो भाग कोंबडीला पचत नाही, तो फोडणारी विकरेही याच यादीत येतात. न पचलेले अन्न आतड्याच्या खालच्या टोकाला पोचले की क्लॉस्ट्रिडियम या रोगकारक जंतूला मेजवानी मिळते. पचन सुधारले की ती थांबते.

आणि आता वनस्पती. महाराष्ट्रात हा विषय निघाला की हळदीचे नाव पहिले येते. सांगलीच्या आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आपल्याला तिचा अभिमान आहे. तिच्यातले कर्क्युमिन सूज कमी करते हे खरे. ते आतड्यातून रक्तात फार कमी जाते, म्हणून माणसांच्या औषधशास्त्रात ती त्याची उणीव मानतात. कोंबडीच्या बाबतीत काम आतड्यातच करायचे असल्याने ही उणीव तितकीशी आड येत नाही. पण हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्केच असते आणि ते वाणागणिक, जमिनीगणिक बदलते. म्हणजे ‘टनाला इतके किलो हळद घाला’ हा सल्ला पुरेसा नाही. कर्क्युमिन किती आहे, हे मोजून मात्रा ठरवली पाहिजे. रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीत शिशाचा रंग मिसळण्याचे प्रकार बांगलादेशात उघड झाले आहेत. खाद्यासाठी स्वस्तातली, कमी प्रतीची हळद घेणाऱ्याने शिशाची तपासणी केल्याशिवाय ती घेऊ नये.

ओव्यातला थायमॉल, ओरेगॅनोतला कार्व्हाक्रॉल, दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड, लवंगेतला युजेनॉल ही तेले जंतूच्या बाहेरच्या पडद्यावर घाव घालतात. प्रयोगशाळेत त्यांचा परिणाम नाव घेण्यासारखा दिसतो. अमेरिकेत काही मोठ्या उत्पादकांनी औषधमुक्त कोंबडी वाढवताना ओरेगॅनोचे तेल वापरले. पण तेले उडून जातात, गरम केल्यावर कमी होतात, आणि मात्रा जास्त झाली तर उग्र वासाने पिल्ले खाणे कमी करतात. लसणीतले ॲलिसिन तर ठेचल्यापासूनच उतरू लागते. घरची ठेचलेली लसूण टाकीत घालून दिवसभर पाजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या समाजात एक समज पक्का बसला आहे की नैसर्गिक ते निर्धोक. मी त्याच्याशी सहमत नाही. मक्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विषही निसर्गाचेच. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. वनस्पतीजन्य पूरकालाही आपण औषधाइतकेच कठोर प्रश्न विचारले पाहिजेत: त्यात काय आहे, किती आहे, कोणत्या पिल्लांवर पाहिले, तुलनेला साधे खाद्य खाणारा गट होता का. युरोपात २००३ च्या कायद्याने नव्या खाद्यपूरकाला सुरक्षितता आणि उपयोग दोन्ही सिद्ध करावे लागतात. आपल्याकडे ‘हर्बल’ लिहिलेली बाटली सुंदर चित्रासह दुकानात येते आणि कोणी काही विचारत नाही. ती गोष्ट बदलायला हवी असे मला मनापासून वाटते, कारण खोट्या बाटल्यांमुळे चांगल्या पूरकांवरचाही शेतकऱ्याचा विश्वास उडतो.

आता ती अट. यांपैकी कुठलेही पूरक प्रतिजैविकाइतका जोरदार मार देत नाही. म्हणून शेड जुनेच ठेवून, दाटी तीच ठेवून, औषधाच्या जागी फक्त ओव्याचे तेल घातले, तर फसगत होईल. डासांची डबकी तशीच ठेवून घरातल्यांना रोज तापाची गोळी देणे आणि मग गोळी बदलून काढा देणे, असा तो प्रकार होईल. आधी आतड्यावरचा मारा कमी करायचा. तो कमी झाला की पूरकांचे हलके बळही पुरते.

मारा कमी करायचा म्हणजे काय, हे इथले शेतकरी माझ्यापेक्षा जास्त जाणतात, तरी बोलतो. सर्वांत दुर्लक्षित गोष्ट पाणी. पिल्लू खाद्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी पिते. टाकी वरून स्वच्छ दिसते, पण पाइपच्या आत चिकट थर साचलेला असतो. जीवनसत्त्वे आणि गुळाचे पाणी त्या पाइपातून गेले की तो थर आणखी पोसला जातो. लॉट संपला की पाइप आतून धुतला पाहिजे आणि शेवटच्या निपलपाशी क्लोरिन तपासले पाहिजे. मग गादी. भाताच्या तुसाची गादी ओली झाली, अमोनिया डोळ्यांना झोंबू लागला, की रक्ती हगवणीचे बीज फळते आणि तिच्या पाठोपाठ क्लॉस्ट्रिडियम येतो. पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि मावळात पडदे पूर्ण पाडून ठेवण्याची सवय आहे. ऊब राहते पण हवा कोंडते. पहिल्या आठवड्याचे ब्रूडिंग, दोन लॉटमधली मोकळीक, रक्ती हगवणीची आणि गंबोरोची लस, पिल्लामागे एक चौरस फूट तरी जागा: यातले काहीही नवे नाही, आणि प्रत्येकाला पैसा आणि कष्ट लागतात.

खाद्यातल्या औषधाशिवाय हे होते का? झाले आहे. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली. डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी १९९८ च्या सुरुवातीला ती स्वतःहून थांबवली. मरतूक वाढली नाही, दर चौरस मीटरला मिळणारे मांस घटले नाही. एक किलो वजनासाठी सुमारे १६ ग्रॅम जास्त खाद्य लागले, आणि औषधाचा खर्च वाचल्याने तेही बरेचसे भरून निघाले. पूर्ण सत्य सांगायचे तर रक्ती हगवणीविरुद्धची आयोनोफोर जातीची औषधे त्यांच्या खाद्यात राहिली, आणि ती क्लॉस्ट्रिडियमलाही आवरतात. ही औषधे माणसांत वापरत नाहीत, म्हणून त्यांचा प्रश्न वेगळा. पुढे नॉर्वेच्या ब्रॉयलर उद्योगाने त्यांच्याशिवायही चालवून दाखवले. १ जानेवारी २००६ पासून सगळ्या युरोपीय संघात वाढीसाठीची प्रतिजैविके बंद आहेत आणि तिथे चिकन मिळेनासे झालेले नाही.

डेन्मार्कचा शेतकरी आणि आपला शेतकरी यांत मात्र एक मोठा फरक आहे. आपल्याकडे ब्रॉयलरचा बराचसा धंदा कराराचा आहे. पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेतकऱ्याचे शेड, वीज, तूस आणि घरातल्या माणसांची मेहनत. लॉट गेल्यावर त्याला किलोमागे संगोपनाचे पैसे मिळतात, आणि एफसीआर, म्हणजे किलो वजनामागे लागणारे खाद्य, बिघडला की ते कापले जातात. अशा माणसाला उठून ‘प्रतिजैविके वापरू नका’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. पोते शिवून येते. आत काय आहे ते त्याने ठरवलेले नसते. उलट आतड्यावरचा मारा कमी करण्याचे सगळे खर्च, पाइप, तूस, मोकळी जागा, लॉटमधले रिकामे दिवस, त्याच्या खिशातून जातात. औषध काढायचे असेल तर हा खर्च कंपनीने संगोपनाच्या दरात धरला पाहिजे, आणि ‘औषधमुक्त’ म्हणून जास्त दराने विकल्या जाणाऱ्या चिकनमधला वाटा शेडपर्यंत आला पाहिजे. खाद्य हा ब्रॉयलरच्या खर्चातला सर्वांत मोठा भाग. तिथली एक-दोन टक्क्यांची घट कंपनी झेलू शकते. एका शेडवर घर चालवणाऱ्याला ती झेलता येत नाही.

जे स्वतःचे खाद्य बनवतात, त्यांच्यासाठी एक सूचना. कोणतेही पूरक सगळ्या पक्ष्यांना एकदम देऊ नका. शेडमध्ये मधोमध जाळी लावा. एकाच हॅचिंगची पिल्ले दोन्हीकडे सारखी मोजून सोडा. एका बाजूला पूरक, दुसऱ्या बाजूला तेच खाद्य पूरकाविना. दर आठवड्याला दोन्हीकडचे वजन, खाल्लेले खाद्य आणि मरतूक वहीत लिहा. एका लॉटवर ठरवू नका. उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा, असे किमान दोन लॉट बघा. शिरवळच्या आणि राज्यातल्या इतर पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी अशा शंभर-दोनशे वह्या गोळा करून एकत्र अभ्यासल्या, तर ओवा, हळद, आम्ले यांतले आपल्या हवामानात, आपल्या मक्यावर काय चालते याचे उत्तर आपल्याच शेडमधून मिळेल. तिथले प्राध्यापक आज सभागृहात आहेत, म्हणून हे मुद्दाम बोललो.

आणि कराराच्या शेतकऱ्यांना इतकेच सांगतो. पुढच्या लॉटचे खाद्य येईल तेव्हा पोत्याची चिठ्ठी वाचा. प्री-स्टार्टर, स्टार्टर आणि फिनिशर, तिन्हींची. मिसळलेल्या औषधाचे नाव, मात्रा आणि कत्तलीआधी थांबवायचे दिवस त्यावर नसतील, तर सुपरवायझरला विचारा आणि त्याचे उत्तर पावतीच्या मागे लिहून त्याची सही घ्या. एकट्याने विचारायला जड जाते, म्हणून गावातल्या सगळ्या शेडवाल्यांनी एकाच आठवड्यात विचारा. त्या पावत्या जपून ठेवा. संगोपनाच्या दराची बोलणी पुन्हा होतील, तेव्हा त्या टेबलावर ठेवायच्या आहेत.